रोख बक्षिसाची सेव्हन-ए-साइड (सात-सात जणांची) फुटबॉल स्पर्धा: पोस्टरच्या आधीपासून बक्षीस वाटपापर्यंत

"सर, त्यो दहा नंबरचा काल सकाळी त्यांच्याकडनं खेळलाय. हे बघा, व्हिडिओ हाय."

उपांत्य सामन्याचा मध्यंतर होता. संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते आणि मैदान सांगलीतलंच होतं. एका कॅप्टनने मोबाईल माझ्यासमोर धरला. समोरच्या संघातला खेळाडू आदल्या दिवशी दुसऱ्याच संघाकडून उतरला होता, असं त्याचं म्हणणं. आम्ही टेबलावर आधार कार्डांच्या झेरॉक्स पसरल्या आणि टॉर्चच्या उजेडात फोटो जुळवत बसलो. झेरॉक्समध्ये सगळेच चेहरे काळे दिसत होते. चाळीस मिनिटं गेली, अंधार पडला, अंतिम सामना झालाच नाही आणि बक्षिसाची रक्कम दोन संघांत वाटून द्यावी लागली. कुणाचंच समाधान झालं नाही, आणि चूक पूर्णपणे आमची, आयोजकांची होती.

त्यानंतर बऱ्याच स्पर्धा भरवल्या, त्याहून जास्त जवळून पाहिल्या. सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत पोरं उत्साहाने स्पर्धा घेतात आणि बहुतेक ठिकाणी त्याच त्या चुका होतात. नुसता चषक असला की थोडी ढिलाई खपून जाते. रोख रक्कम जाहीर झाली की सैल राहिलेली प्रत्येक गाठ भांडणाचं निमित्त होते. म्हणून कामाचा क्रम इथे नीट सांगतो. हिशेब १२ संघ, दोन दिवस आणि एक मैदान असा धरला आहे.

टप्पा १: पैसे आधी, पोस्टर नंतर

सर्वांत मोठी चूक इथेच होते. मंडळ बसतं, कुणीतरी "पहिलं बक्षीस २१,००१" म्हणतो, लगेच पोस्टर तयार होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. पैसे कुठून येणार? "प्रवेश फी जमेल, आणि मार्केट यार्डातल्या एका शेठजींनी शब्द दिलाय." मग संघ कमी येतात, शेठजींना हळदीच्या सौद्यात वेळ मिळत नाही आणि अंतिम सामन्याच्या दुपारी आयोजक फोन लावत बसतात.

माझा नियम साधा आहे: बक्षिसाची सगळी रक्कम हातात किंवा खात्यात जमा झाल्याशिवाय आकडा जाहीर करायचा नाही. बक्षीस देणगीतून द्यायचं आणि प्रवेश फी खर्चासाठी ठेवायची. या दोन पिशव्या एकत्र करू नका. उदाहरणादाखल हिशेब असा:

बक्षिसं: विजेता ११,०००, उपविजेता ७,०००, उपांत्य फेरीत हरलेल्या दोन्ही संघांना प्रत्येकी ३,०००. एकूण २४,०००. हे देणगीदारांकडून.

प्रवेश फी: १२ संघ, प्रत्येकी १,५००, म्हणजे १८,०००. यातून मैदान भाडं, पंचांचं मानधन, चेंडू, फक्की (रेषा आखायची पांढरी पूड), पाणी, मांडव, स्पीकर आणि प्रथमोपचार. हे १८,००० पुरत नसतील तर बक्षीस कमी करा, पंच कमी करू नका.

शिवाय प्रत्येक संघाकडून ५०० रुपये अनामत घ्या. सगळे सामने वेळेवर खेळलेल्या संघाला ती परत द्यायची. ही एक सवय लावली की न सांगता गायब होणारे संघ जवळजवळ बंद होतात.

पैशाचं काम दोघांकडे द्या, एकाकडे नको. एक वही, प्रत्येक जमेला पावती, प्रत्येक खर्चाला बिल. बक्षिसाची रक्कम दहा हजारांच्या वर जात असेल तर कर कापण्याबाबत आपल्या सीएला आधीच विचारून घ्या. वाटपाच्या दिवशी तो विषय निघाला तर फार अवघड होतं.

*तपासा:* पोस्टर छापायला देण्याआधी खातेपुस्तक उघडा. बक्षिसाची पूर्ण रक्कम दिसली तरच पुढे जा.

टप्पा २: तारीख आणि परवानग्या

आमच्या भागात डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी अखेर हा काळ सर्वांत चांगला. फेब्रुवारीत बारावीच्या आणि पाठोपाठ दहावीच्या परीक्षा लागतात, म्हणजे निम्मे खेळाडू घरात. एप्रिल-मे महिन्यांत ऊन आणि वळीव दोन्ही असतात. जुलै-ऑगस्टचा विचारच नको. काळ्या मातीचं मैदान बुटाला किलोभर चिकटतं आणि कृष्णाकाठची काही मैदानं पाण्याखालीही जातात. २६ जानेवारीच्या आसपास जो तो स्पर्धा घेतो, म्हणून तो शनिवार-रविवार टाळा.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: कोल्हापूरचा हंगाम. तिथल्या तालीम संघांचे शाहू स्टेडियमवरचे सामने चालू असले की तुमच्याकडे नाव दिलेले चांगले खेळाडू ऐन वेळी तिकडे जातात. त्यांचं वेळापत्रक बघूनच तारीख ठरवा.

परवानग्या घ्यायच्या त्या लेखी. मैदान महापालिकेचं असेल तर महापालिकेची, शाळा-कॉलेजचं असेल तर संस्थेची. पोलीस ठाण्यात अर्ज, त्यात स्पीकरचा स्पष्ट उल्लेख. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं. मिरजेत तर गल्लोगल्ली दवाखाने आहेत, त्यामुळे कर्ण्याचं तोंड कुठे करायचं तेही आधीच बघा. तोंडी "घ्या हो, काय नाही होत" यावर विसंबून मांडव घालू नका.

टप्पा ३: किती संघ बसतात ते घड्याळाला विचारा

"सोळा संघ घेऊ, आकडा सरळ आहे." असं म्हणणाऱ्यांनी एकदा कागदावर मांडून बघावं.

१० मिनिटांचे दोन डाव, ३ मिनिटं मध्यंतर, संघ बदलायला ६ मिनिटं. एका सामन्याला साधारण अर्धा तास. सकाळी साडेसात ते बारा ही ९ सामन्यांची जागा, दुपारी साडेतीन ते सहा ५ सामन्यांची. दिवसाला १४, दोन दिवसांत २८. आता १६ संघांचे चारचे चार गट करा: साखळीचे २४, उपउपांत्य ४, उपांत्य २, अंतिम १. झाले ३१. बसतच नाहीत. मग रविवारी संध्याकाळी सामने पाच-पाच मिनिटांचे होतात आणि ज्या संघाने पैसे भरले तो चिडतो, ते बरोबरच आहे.

१२ संघ घ्या. तीनचे चार गट, साखळीचे १२ सामने, प्रत्येक गटातून दोन संघ पुढे. उपउपांत्य ४, उपांत्य २, अंतिम १. एकूण १९. तिसऱ्या क्रमांकाचा सामना मी ठेवत नाही. हरून मन उतरलेल्या दोन थकलेल्या संघांना पुन्हा उतरवण्यापेक्षा ती रक्कम दोघांत वाटलेली बरी.

तीनच्या गटात एक धोका असतो. एक संघ दोन सामने खेळून बसलेला आणि उरलेल्या दोघांना माहीत, की बरोबरी झाली तर दोघंही पुढे. मग ते चेंडू इकडून तिकडे ढकलत वेळ काढतात. उपाय जुना आणि सोपा आहे: पहिल्या सामन्यात हरलेला संघ दुसरा सामना खेळतो, जिंकलेला तिसरा. पहिला सामना बरोबरीत सुटला तर दुसरा कुणी खेळायचा, हे लॉट्स (गट ठरवायच्या चिठ्ठ्या) पाडतानाच ठरवून लिहून ठेवा.

शनिवारचा क्रम असा लावा. साडेसातपासून चारही गटांचे पहिले सामने एकापाठोपाठ, साडेनऊपासून दुसरे, दुपारी साडेतीनपासून तिसरे. सकाळी साडेअकराला आणि संध्याकाळी साडेपाचला अर्धा-अर्धा तास मोकळा राहतो. तो मोकळाच राहू द्या. मैदानावर काहीतरी अडतंच.

रविवारी उपउपांत्य सामने ८ वाजता, मग ८.४०, ९.२० आणि १० वाजता. उपांत्य दुपारी ३ आणि ३.४० ला. अंतिम सव्वापाचला. जानेवारीत सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, टायब्रेकर धरला तरी उजेडात आटपतं. फ्लडलाइट नसतील तर अंतिम सामना याहून उशिरा ठेवू नका.

टप्पा ४: नियमांचं एक पान

अकरा खेळाडूंच्या फुटबॉलचे नियम जगभर सारखे आहेत. फुटसालचेही लेखी नियम आहेत. पण मातीवरच्या सेव्हन-ए-साइडला सगळीकडे चालणारं असं एक नियमपुस्तक नाही. म्हणजे तुम्ही लिहिलं नाही, तर प्रत्येक संघ आपल्या गल्लीतला नियम घेऊन येणार. एकच पान करा, मराठीत, मोठ्या अक्षरात. नोंदणीच्या वेळी कॅप्टनची त्यावर सही घ्या. पानावर हे असायलाच हवं:

*संघ:* मैदानात ७, राखीव ३. किमान ५ असतील तरच सामना सुरू. बदली खेळाडू कितीही वेळा, पण मध्यरेषेजवळूनच, आणि आधीचा बाहेर आल्यावर.

*ऑफसाइड:* नाही. हे लिहा. तोंडी सांगितलेलं पाचव्या मिनिटाला विसरलं जातं.

*चेंडू रेषेबाहेर:* थ्रो-इन (हाताने फेकून) की किक-इन (पायाने मारून), एक ठरवा. किक-इनवरून थेट गोल धरायचा नाही. फ्री किकला भिंत ५ मीटर लांब.

*गोलकीपर:* सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हातात घ्यायचा नाही.

*बूट:* स्क्रूचे लोखंडी स्टड बंद. शिन गार्ड सक्तीचे. कडक मातीवर घसरून टॅकल बंद, आणि तसं केलं तर थेट फ्री किक.

*कार्ड:* पिवळं म्हणजे २ मिनिटं बाहेर. लाल म्हणजे त्या सामन्यातून आणि पुढच्या सामन्यातूनही बाद. संघ २ मिनिटं एकने कमी, मग दुसरा खेळाडू उतरू शकतो. सामना छोटा आहे, उरलेला पूर्ण वेळ सहा जणांनी खेळायचं म्हटलं तर तो तिथेच संपतो.

*उशीर:* ठरल्या वेळेनंतर ७ मिनिटं. मग ३-० ने सामना समोरच्याला. ती ७ मिनिटं टेबलावरच्या घड्याळाची, कुणाच्या मोबाईलची नाही.

*समान गुण:* विजयाला ३, बरोबरीला १. मग आपापसातला सामना, मग गोलफरक, मग केलेले गोल, मग कमी कार्डं, शेवटी चिठ्ठी. हा क्रम लिहिलेला नसला तर शनिवारी संध्याकाळी टेबलाभोवती पन्नास माणसं जमतात. एखादा संघ मध्येच सोडून गेला तर त्याचे सगळे निकाल रद्द धरायचे.

*टायब्रेकर:* बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, तीन-तीन पेनल्टी, मग एकेक.

*हरकत:* सामना संपल्यावर १५ मिनिटांत, फक्त कॅप्टनने, लेखी, ५०० रुपये भरून. हरकत खरी ठरली तर पैसे परत. हरकत फक्त खेळाडूच्या ओळखीवर किंवा पात्रतेवर घेता येईल. गोल झाला की नाही, फाऊल होता की नाही, यावर पंचांचा शब्द शेवटचा. हे वाक्य ठळक छापा.

*सावध:* स्पर्धा सुरू झाल्यावर नियम बदलू नका. नियम चुकीचा आहे असं तुम्हालाही वाटलं तरी नाही. पुढच्या वर्षी बदला.

टप्पा ५: नोंदणी आणि खेळाडूंची ओळख

रोख बक्षिसाच्या स्पर्धेतलं ऐंशी टक्के भांडण इथून उगवतं, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे हा टप्पा शांतपणे करा.

आधी ठरवा: बाहेरचे खेळाडू चालतील का? दोन्ही पद्धती बरोबर आहेत. "फक्त सांगली जिल्हा" म्हणाल तर स्थानिक पोरांना संधी मिळते. खुली ठेवलीत तर कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरकडचे खेळाडू येतात, खेळ उंचावतो. मला स्वतःला मधला मार्ग आवडतो: प्रत्येक संघात बाहेरचे जास्तीत जास्त दोन. पण "बाहेरचा" म्हणजे कोण? जन्माने की पत्त्याने? आधार कार्डावरचा पत्ता हा एकच निकष धरा. शिकायला आलेल्या मुलांसाठी कॉलेजचं चालू वर्षाचं ओळखपत्र चालेल की नाही, तेही लिहा. वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजच्या हॉस्टेलवरचा मुलगा बाहेरचा धरायचा का, हा प्रश्न सांगलीत हमखास येतो.

दहा जणांची यादी लॉट्सच्या दिवशी बंद. त्यानंतर एकही नाव बदलायचं नाही, दुखापत झाली तरी नाही. एक खेळाडू एकाच संघात. १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची सही.

आता फोटोचं तंत्र. झेरॉक्सने आमची काय गत केली ते वर सांगितलंच. तेव्हापासून असं करतो: प्रत्येक संघाच्या पहिल्या सामन्याआधी दहाही खेळाडू जर्सी घालून टेबलासमोर रांगेत उभे राहतात. मूळ ओळखपत्र हातात. एक जण नाव वाचतो, दुसरा कार्ड आणि चेहरा बघतो, यादीत जर्सी नंबर लिहितो. मग रांगेचा एक फोटो, नंबर दिसतील असा. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी कुणी बोट दाखवलं की फोटो उघडायचा. स्पर्धा संपल्यावर ते फोटो पुसून टाका, आणि कार्डांचे फोटो ग्रुपवर अजिबात टाकू नका.

*तपासा:* राखीव तिघंही रांगेत होते का? "तो येतोय, रस्त्यात आहे" म्हटलेलं नाव पेन्सिलने लिहा आणि आल्यावर त्याची वेगळी तपासणी करा. बदली नाव घुसतं ते नेमकं इथूनच.

टप्पा ६: लॉट्स

स्पर्धेच्या आधी आठवडाभर, कॅप्टनांना बोलावून, सगळ्यांसमोर. घरी बसून पाडलेले लॉट्स अगदी प्रामाणिक असले तरी कुणी मानत नाही. एकाच मंडळाचे अ आणि ब संघ असतील तर ते आधीच वेगवेगळ्या गटांत टाका. गेल्या वर्षीचे अंतिम फेरीतले दोघंही वेगळे. उरलेल्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, आणि चिठ्ठी बाहेरच्या लहान मुलाने काढायची. व्हिडिओ करा.

पुढची रचनाही तिथेच फळ्यावर लिहा: अ गटाचा पहिला विरुद्ध ब गटाचा दुसरा, क चा पहिला विरुद्ध ड चा दुसरा, यांचे विजेते एका उपांत्य सामन्यात. ब चा पहिला विरुद्ध अ चा दुसरा, ड चा पहिला विरुद्ध क चा दुसरा, हे दुसऱ्या बाजूला. म्हणजे एका गटातले दोघं पुन्हा भेटले तर थेट अंतिम सामन्यातच.

लांबून येणाऱ्या संघाला साडेसातचा सामना देऊ नका. मिरज जंक्शनला गाडी वेळेवर लागेलच असं नसतं. मात्र ही सवलत लॉट्सच्या आधी सगळ्यांना सांगायची, नंतर नाही.

टप्पा ७: मैदान तयार करणं

काळी माती वाळली की भेगाळते आणि दगडासारखी होते. आधी खडे वेचा: दहा पोरं एका ओळीत, हातभर अंतरावर, वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उलट्या दिशेने परत. भेगा बारीक मातीने भरा. सामन्याच्या आधी दोन दिवस पाणी मारा आणि ओल जिरल्यावर रोलर फिरवा. सामन्याच्या सकाळी पाणी मारलं की पहिले तीन सामने चिखलात जातात. ओल बरोबर आहे का हे बघायला मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर मैदान तयार. नुसता चपटा झाला तर अजून थांबा.

सेव्हन-ए-साइडला ५० बाय ३० मीटर पुरतं. आखणी नजरेने करू नका. लांबीची सुतळी ताणा. कोपऱ्यापासून तिच्यावर ६ मीटरला खुंटी, दुसऱ्या बाजूला ८ मीटरला खुंटी. दोन खुंट्यांमधलं अंतर बरोबर १० मीटर आलं की कोपरा काटकोनात. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. ५० बाय ३० ला कर्ण ५८.३ मीटर यायला हवा, आणि दोन्ही सारखे. एक कर्ण मीटरभर जास्त आला तर मैदान तिरकं आहे. सुतळी काढा, परत लावा. डी (गोलासमोरचा पेनल्टीचा भाग) गोलरेषेपासून १० मीटर, पेनल्टीची खूण ८ मीटरवर, मधलं वर्तुळ ५ मीटर त्रिज्येचं, खिळा आणि दोरीने.

रेषा फक्कीच्या. कळीचा चुना वापरू नका. घामाने ओल्या कातडीला आणि डोळ्यांना तो भाजतो, आणि खेळाडू त्याच रेषेवर पडतात. प्रेक्षकांची दोरी रेषेपासून ३ मीटर लांब.

गोल १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच. शाळेच्या मैदानावर हँडबॉलचे गोल असतील तर तेही चालतील. ३ मीटर बाय २ मीटर, हेच माप फुटसालचंही असतं. मात्र दोन्ही टोकांना एकाच मापाचे लावा.

*सावध:* उचलून ठेवायचे लोखंडी गोल हा मैदानावरचा सर्वांत मोठा धोका. कुणी आडव्या पाइपला लोंबकळलं की ते पुढे कोसळतात, आणि याने जगभर मुलांचे जीव गेले आहेत. प्रत्येक गोलाच्या मागच्या पाइपवर वाळूने भरलेली चार पोती टाका आणि दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका. पाणी मारलेल्या मातीत खुंट्या सैल होतात, म्हणून पोती हवीतच. मग दोन मोठ्या माणसांनी पाइप पुढे ओढून बघायचं. हलला तर सामना नाही. जेवणाच्या सुट्टीत लहान पोरं लोंबकळायला येतात, तेव्हा तिथे माणूस ठेवा.

चेंडू ५ नंबरचे, एकाच कंपनीचे, तीन. हवा नियमानुसार ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर, कडक मैदानावर ती खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर चेंडू नुसता उडत राहतो. गोलामागे ऊस उभा असेल तर जाळं बांधा. फडात गेलेला चेंडू शोधताना सामन्यातली चार मिनिटं सहज जातात.

टप्पा ८: पंच आणि टेबल

दर सामन्याला दोन पंच, टेबलावर दोघं: एक वेळ बघणारा, एक गोल आणि कार्डं लिहिणारा. दिवसाला किमान चार पंच बोलवा म्हणजे आलटून पालटून विश्रांती मिळते. खेळणाऱ्या कुठल्याही मंडळाशी संबंध असलेला माणूस पंच नको, तो कितीही सरळ असला तरी. मानधन दोन्ही दिवशी सामने संपायच्या आत पाकिटात द्या.

शनिवारी सकाळी सातला पंचांसोबत नियमांचं पान एकदा मोठ्याने वाचा. मी हे एकदा वगळलं होतं. एका पंचांनी किक-इनवरचा गोल दिला, दुसऱ्यांनी पुढच्याच सामन्यात नाकारला.

टेबलाजवळ आयोजक, पंच आणि खेळणाऱ्या दोन संघांचे कॅप्टन सोडून कुणी उभं राहायचं नाही. टेबलाभोवती दोरी बांधा. गर्दी एकदा टेबलापर्यंत आली की कागद हाताखालून जातात.

टप्पा ९: सामन्यांचे दोन दिवस

पाणी: १२ संघ, दहा-दहा खेळाडू, १२० जण. माणशी दिवसाला ३ लिटर धरले तर ३६० लिटर, म्हणजे २० लिटरचे १८ जार फक्त खेळाडूंसाठी. प्रेक्षकांचे वेगळे, आणि लांब ठेवा. केळी, लिंबू-साखर-मिठाचं पाणी पुरेसं. भडंग संध्याकाळी, सामना संपल्यावर.

प्रथमोपचार: बर्फाची पेटी, क्रेप बँडेज, कात्री, स्ट्रेचर. एक गाडी फाटकाकडे तोंड करून, किल्ली टेबलावर. १०८ नंबर फळ्यावर मोठा लिहा. डोक्याला मार लागून क्षणभर जरी भान हरपलं, चक्कर आली किंवा पोरगा तोच तोच प्रश्न विचारू लागला, तर त्या दिवशी तो परत खेळणार नाही. कॅप्टन आणि कधी कधी वडीलसुद्धा "ठीक आहे तो" म्हणतील. ऐकू नका.

उन्हाळ्यातच स्पर्धा घ्यावी लागली तर वळिवाकडे लक्ष ठेवा. गडगडाट ऐकू आला की सामना थांबवा, सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्या. झाडाखाली नाही, लोखंडी पाइपांच्या मांडवातही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मोजून मगच परत.

निकाल लिहिला की दोन्ही कॅप्टनांची सही घ्या आणि लगेच फळ्यावर मांडा. गुणतक्ता लपवून ठेवला की अफवा पसरतात. हलगी वाजू द्या, फक्त गोलामागे नको.

*तपासा:* शनिवारी रात्री घरी जाण्याआधी रविवारच्या आठही संघांना सामन्याची वेळ लेखी पाठवा आणि प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत थांबा.

टप्पा १०: अंतिम सामना, टायब्रेकर आणि पैसे

अंतिम सामना १२-१२ मिनिटांचा ठेवा. टायब्रेकर आला तर पंच दोनदा नाणं उडवतात: एकदा कोणत्या गोलावर किक मारायच्या यासाठी, एकदा पहिली किक कुणाची यासाठी. एका गोलामागे प्रेक्षक अगदी चिकटून उभे असतील तर पंच सुरक्षिततेसाठी दुसरा गोल घेऊ शकतात. किक मारणारे आणि गोलकीपर सोडून बाकी सगळे मधल्या वर्तुळात. मैदानात दुसरं कुणी नको, फोटोवालाही नको.

शेवटची शिट्टी झाल्यावर हरकतीची १५ मिनिटं जाऊ द्या. पाहुण्यांना घाई असते, गुलाल उधळायला पोरं अधीर असतात, तरी ती १५ मिनिटं थांबा. भाषणं त्या वेळेत उरकून घ्या.

मोठ्या पुठ्ठ्याचा चेक फोटोपुरता. खरे पैसे टेबलावर: कॅप्टनसमोर मोजायचे, व्हाउचरवर रक्कम अंकात आणि अक्षरात, कॅप्टन आणि संघातला आणखी एक, अशा दोन सह्या. ऑनलाइन देणार असाल तर तिथेच पाठवा आणि जमा झाल्याचं त्यांच्या मोबाईलवर बघा. "उद्या देतो" चालणार नाही. उपांत्य फेरीत हरलेल्या संघांचे ३,००० बहुतेकदा विसरले जातात, कारण ते संघ तोवर निघालेले असतात; त्यांचे पैसे त्यांच्या सामन्यानंतर लगेच द्या. अनामत रकमाही त्याच टेबलावरून परत करा.

दोन दिवसांत जमाखर्चाचं एक पान बाराही कॅप्टनांना पाठवा, उरलेली रक्कम कुठे गेली यासह. सोमवारी सकाळी मैदानावर परत जा: गोल आडवे करून बांधून ठेवा, खुंट्या उपटा, त्यांचे खड्डे भरून पायाने दाबा, बाटल्या आणि कागद वेचा आणि फाटकाची किल्ली ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या हातात द्या.